डोकेदुखीस कारण की…

डोके दुखते तेव्हा मेंदू दुखत नसतो. वेदना जाणवणारी यंत्रणा शरीरभर पसरलेली असली, तरी खुद्द मेंदूच्या गाभ्यात ती नाही. म्हणूनच कवटीवरची कातडी बधिर केली की रुग्णाला जागे ठेवून, त्याच्याशी गप्पा मारत मेंदूवर शस्त्रक्रिया करता येते. दुखतात ती मेंदूभोवतीची आवरणे, तिथल्या रक्तवाहिन्या आणि कपाळ, मान, खांदे यांचे स्नायू. चेहऱ्यावर तीन फांद्यांनी पसरलेली ट्रायजेमिनल नावाची नस यांतल्या बहुतेकांच्या तक्रारी वर पोचवते. त्यामुळे "विचार करकरून डोकं दुखायला लागलं" हे म्हणणे शरीरशास्त्रात टिकत नाही. विचार करणारा मजेत असतो. त्रास होतो तो आजूबाजूच्यांना. बहुतेक कचेऱ्यांतही हेच आढळते.

मराठी भाषेने तर डोकेदुखीला आजार मानलेच नाही, माणूस मानले. 'कपाळशूळ' हा शब्द वैद्याच्या बटव्यातून निघाला आणि थेट शेजाऱ्याला जाऊन चिकटला. डोके उठते, पिकते, भणभणते, फिरते, सटकते. ते कोणी खातो, कोणी त्यात जातो, कोणी त्यावर मिरे वाटतो. इतकी क्रियापदे ज्या अवयवाच्या वाट्याला आली त्याने अधूनमधून दुखावे यात नवल नाही. या शब्दसंपत्तीचा फायदा होतो तो डॉक्टरांना. "ठणकतंय की जड झालंय?" एवढे विचारले की मराठी रुग्ण अर्धे निदान स्वतःच करून देतो. एकाच बाजूला, नाडीच्या ठोक्याबरोबर घण बसावा तसे ठणकत असेल तर संशय अर्धशिशीवर. पट्टा आवळल्यासारखे दोन्ही बाजूंनी जड असेल तर ती ताणाची डोकेदुखी. ही दुसरी जगात सर्वांत जास्त आढळते आणि तिच्याबद्दल सांगण्यासारखे सर्वांत कमी असते.

अडचण अशी की डॉक्टरांपर्यंत पोचायच्या आधीच निदान झालेले असते. दुपारी चारच्या सुमाराला घरातली सून कपाळाला हात लावून ओट्याशी टेकली, की आजी जपमाळ न थांबवता "पित्त" म्हणतात. सासरे वर्तमानपत्राच्या आडून "मोबाइल" म्हणतात. नणंद फोनवर असते. तिला पलीकडून सगळे ऐकू येते आणि "सकाळी नाहून केस तसेच ओले बांधले असतील" असे ती कळवते. वरच्या मजल्यावरच्या काकू विरजण मागायला आलेल्या असतात. त्यांच्या भाच्याचेही असेच दुखायचे आणि शेवटी चष्मा लागला. त्यांच्या जावेचे दुखायचे तो सायनस निघाला. नवरा "बीपी बघून घे" म्हणतो आणि चहा टाकायला सांगतो. पाच मिनिटांत सहा कारणे निघतात. कुठे दुखते आणि कधीपासून, हे कोणीही विचारत नाही. आणि यातले एकही निदान सपशेल चूक नसते, म्हणून एकेक तपासणे भाग पडते.

निदानांची ही गर्दी आजची नाही. सुश्रुतसंहितेत शिरोरोग अकरा सांगितले आहेत. त्यांत सूर्याबरोबर चढणारा आणि सूर्याबरोबर उतरणारा 'सूर्यावर्त' आहे, आणि अर्धेच डोके फोडणारा 'अर्धावभेदक'ही आहे. मराठीतली अर्धशिशी ती हीच. ग्रीकांनीही या दुखण्याला 'अर्धी कवटी' अशाच अर्थाचे नाव दिले. त्या 'हेमिक्रेनिया'चा झिजून झिजून 'मायग्रेन' झाला. सुशिक्षित घरांत "अर्धशिशी नाही हो, मायग्रेन आहे" असे जे ठासून सांगितले जाते, ते "पाणी नाही हो, वॉटर आहे" असे सांगण्यापैकीच आहे. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेने 1988 मध्ये डोकेदुखीचे रीतसर वर्गीकरण केले. 2018 साली त्याची तिसरी आवृत्ती निघाली, आणि सुश्रुतांच्या अकरांचे आता दोनशेहून अधिक प्रकार झाले आहेत. पाहुण्यांना त्यात स्वतंत्र क्रमांक नाही, एवढी एक त्रुटी राहिली आहे.

आता आजींचे पित्त. महाराष्ट्रात पित्ताइतके राबलेले निदान दुसरे नाही. अंगावर गांधी उठल्या तरी पित्त, घशाशी जळजळले तरी पित्त, सून उलट बोलली तरी आजींचे पित्त खवळते. डोकेदुखीत त्याचा पुरावा असा देतात: डोके ठणकते, मळमळते, कडू पिवळे पाणी उलटून पडते, आणि ते पडले की डोके उतरते. म्हणजे पित्त डोक्यात चढले होते, ते बाहेर आले. निरीक्षण अगदी बिनचूक आहे. क्रम तेवढा उलटा लागला आहे. अर्धशिशीचा झटका मेंदूत सुरू होतो आणि त्यात जठराचे काम मंदावते. म्हणून मळमळ, म्हणून उलटी. पोट रिकामे असेल तर पिवळ्या पाण्याशिवाय पडणार तरी काय? उलटीनंतर काहींचा झटका उतरतो, हेही खरे. पण जठर मंदावण्याचा एक परिणाम आजींच्या हिशेबात येत नाही. झटका ऐन रंगात आल्यावर घेतलेली गोळी पोटातच मुक्काम ठोकते, आणि मग "आपल्याला गोळ्या लागू पडत नाहीत" अशी घराण्याची समजूत होते. गोळी सुरुवातीलाच घ्यावी असे डॉक्टर सांगतात ते यासाठी. आजींचे मत बदलायच्या भानगडीत मात्र पडू नये. एकोणिसाव्या शतकातले इंग्रज डॉक्टरही याला 'बिलियस हेडेक' म्हणत, म्हणजे पित्ताचेच डोके. तेव्हा आजींच्या पाठीशी राणीचे सरकार आहे.

हा झटका उपचार न केल्यास 4 पासून 72 तासांपर्यंत चालतो. त्यात उजेड सोसत नाही, आवाज सोसत नाही आणि पुष्कळांना वासही सोसत नाही. शेजारच्या घरात लसणाची फोडणी पडली की भिंतीच्या अलीकडे माणूस उशीत तोंड खुपसतो. पुरुषांच्या मानाने बायकांत तो सुमारे तिप्पट आढळतो, आणि पाळीच्या आसपास इस्ट्रोजेन हे संप्रेरक उतरते तेव्हा हमखास डोके वर काढतो. त्यात आनुवंशिकतेचाही वाटा मोठा आहे. अर्धशिशी पुष्कळदा माहेरकडून येते. घरात मात्र ती सासरकडून आली असे धरून चालण्याची पद्धत आहे.

नणंदेला वाटते तेवढे झिडकारू नये. 2006 साली मुंबईतल्या एका डोकेदुखीतज्ज्ञाने 94 भारतीय रुग्णांची निरीक्षणे एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. या रुग्णांची अर्धशिशी डोक्यावरून अंघोळ केल्याने उठत होती. परदेशी पाठ्यपुस्तकांत या कारणाची दखल नव्हती. कंबरेपर्यंतचे केस धुऊन पंचात गुंडाळण्याचा प्रसंग ती लिहिणाऱ्यांवर सहसा येत नसावा. नाहणे म्हणजे नुसती अंघोळ नव्हे, हे मराठी घराला पहिल्यापासून ठाऊक आहे. म्हणून तर नाहायचा वार आधी ठरतो आणि त्या दिवशीची बाकीची कामे नंतर.

उपासाचेही तसेच. आठ तास पोटात काही गेले नाही की उठणारी डोकेदुखी वर्गीकरणात वेगळी नोंदलेली आहे, आणि मुळात अर्धशिशी असलेल्यांना ती लवकर गाठते. एकादशीला हे भय नाही. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस आणि वर केळे असा बंदोबस्त असताना आठ मिनिटेही पोट रिकामे राहत नाही. खरी परीक्षा संकष्टीची. त्या दिवशी चंद्र रात्री साडेआठ-नऊच्या पुढे कधीतरी उगवतो, ढग असले तर उगवल्याचा पत्ता लागत नाही, आणि गच्चीवर ताम्हन घेऊन उभ्या असलेल्या बाईला आपले डोके भक्तीने दुखते आहे असे वाटत राहते.

चहा उपासाला चालतो हा पूर्वजांचा फार मोठा उपकार आहे. रोज 200 मिलिग्रॅमहून अधिक कॅफीन दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ घेणाऱ्याने ते एकदम थांबवले, किंवा त्याला नुसता उशीर झाला, तरी चोवीस तासांत डोके धरते. मग 100 मिलिग्रॅम पोटात गेले की तासाभरात सुटते. चहाच्या कपात साधारण 30 ते 50 मिलिग्रॅम कॅफीन असते. यावर प्रत्येकाचे म्हणणे येते की आपण एवढा चहा घेतच नाही. हे खरेच आहे. मराठी माणूस पूर्ण कप कधीच घेत नाही. तो 'अर्धाच' घेतो, दिवसातून नऊ वेळा. रविवारी सकाळी साडेनऊपर्यंत झोपून उठल्यावर डोके जड होते त्याचेही एक कारण हेच. रोजचे पहिले दोन अर्धे चुकलेले असतात. शिवाय रोजच्यापेक्षा जास्त झोपणेही अर्धशिशीला मानवत नाही, त्यामुळे सुट्टीचा पुरता उपभोग घेणारा दोन्हीकडून सापडतो.

चष्म्याबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. दूरचे वाचताना डोळे बारीक करावे लागत असतील किंवा चाळिशी लागूनही ती मान्य होत नसेल, तर कपाळ दुखते. चष्मा लावला की थांबते. पण वारंवार उठणाऱ्या डोकेदुखीत चष्म्याचा वाटा काकू मानतात त्याहून बराच कमी आहे. बीपीचेही असेच. थोडेफार वाढलेले बीपी सहसा दुखत नाही, आणि तोच तर त्याचा धोका. आकडा 180 आणि 120 च्या घरात गेल्यावरची गोष्ट निराळी. एरवी पुष्कळदा डोके दुखत असते म्हणून बीपी चढलेले दिसते, आणि यंत्राकडे बघून ते आणखी चढते.

काकूंच्या जावेचा सायनस मात्र थांबून पाहण्यासारखा आहे. गाल आणि भुवया दुखतात, नाक चोंदते, डोळ्यांतून पाणी येते, म्हणजे सायनसच असणार, असे रुग्णही म्हणतो आणि वाफाऱ्याचे भांडेही तयार असते. 2004 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आपल्याला सायनसची डोकेदुखी आहे असे मानणाऱ्या सुमारे तीन हजार लोकांची तपासणी झाली. त्यांतल्या 88 टक्क्यांची लक्षणे अर्धशिशीच्या जातीची निघाली. अर्धशिशीत नाक वाहू शकते, कारण त्या भागाची नस तीच. वर्षानुवर्षे नीलगिरीचा वाफारा घेऊन ज्यांचे काही हलले नाही, त्यांच्या सायनसने बहुधा मुळातच काही केलेले नसते.

सासऱ्यांचा मोबाइल अर्धा खरा आहे. दुखते ते मोबाइलमुळे नव्हे, मोबाइलपुढे घातलेल्या मानेमुळे. तासन्‌तास वाकलेल्या मानेचे आणि खांद्याचे स्नायू आखडतात आणि ती कळ मागून कपाळापर्यंत येते. मांडीवर चार पानी वर्तमानपत्र पसरून कोडे सोडवणाऱ्याची मानही त्याच कोनात असते, पण हे सासऱ्यांना सांगायचे कोणी?

बाहेरून दाब पडल्याने होणारी डोकेदुखी, असाही एक प्रकार वर्गीकरणात आहे आणि त्यात हेल्मेटचा नावानिशी उल्लेख आहे. ही बातमी पुण्यात फुटू नये यासाठी जपायला हवे. 2019 च्या जानेवारीत तिथे हेल्मेटसक्तीची कारवाई सुरू झाली, तेव्हा विरोधकांच्या हाती हा पुरावा असता तर प्रकरण हाताबाहेर गेले असते. सुदैवाने वर्गीकरणाने अट घातली आहे. दुखणे दाब पडल्यापासून तासाभरात सुरू व्हावे लागते, दाब पडतो त्या जागी सर्वांत जास्त असावे लागते आणि दाब निघाल्यापासून तासाभरात थांबावे लागते. हेल्मेट कोपरात अडकवून गाडी चालवणाऱ्याचे डोके दुखत असेल, तर ते या सदरात बसत नाही. केस ओढले गेल्याने होणारा जोडप्रकारही नोंदलेला आहे. शाळेत जाणाऱ्या मुलीच्या दोन वेण्या, दिवसभर सुटू नयेत म्हणून आई ज्या ताकदीने घालते, ती ताकद पाहिलेल्याला त्याचे स्पष्टीकरण लागणार नाही.

एक कारण असे आहे की ते कोणालाच पटत नाही: ताण संपणे. घरचे लग्न असते तेव्हा वधूची आई महिनाभर धावत असते. रुखवत, मानपान, केळवणे, आयत्या वेळी बदललेला मुहूर्त, सगळे निभावते आणि डोके तिला एकदाही आठवत नाही. वरात गेली, मांडवाचे बांबू निघाले, आता निवांत चहा घ्यावा म्हणून ती बसते, आणि त्या क्षणी डोके उठते. ताणाच्या काळात चढलेली संप्रेरके उतरू लागली की अर्धशिशीला वाट मोकळी होते. लेक सासरी गेल्याचे दुःख म्हणून त्या दुखण्याची बोळवण होते आणि ते दिसतेही शोभून.

उपायांतले सगळ्यांत प्रसिद्ध नाव मुंबईचे आहे. 1893 साली काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी मुंबईत अमृतांजन सुरू केले, आणि ती पिवळी बाटली घरोघर कोनाड्यात जाऊन बसली. अशा मलमांत मेंथॉल, कापूर यांसारखी द्रव्ये असतात. ती कातडीला गार किंवा झोंबरे वाटायला लावून वेदनेवरचे लक्ष उडवतात. सुंठ उगाळून कपाळावर लेप देणे किंवा ओढणीने डोके करकचून आवळणे हीदेखील अशीच वेदनेला चकवण्याची जुनी युक्ती. मराठी मुलखाने या मलमाची एक आठवण दगडात ठेवली होती. खंडाळ्याच्या घाटात 1830 साली बांधलेल्या पुलाला, तिथे झळकणाऱ्या जाहिरातीवरून, लोक अमृतांजन पूल म्हणू लागले. पुढे द्रुतगती मार्ग त्याच्या खालून गेला, पुलाच्या खांबांनी रस्ता चेपला, आणि मुंबई-पुण्याच्या वाहनांची तिथे रांगच्या रांग लागू लागली. डोकेदुखीच्या औषधाचे नाव आणि डोकेदुखीचे काम एकाच वास्तूने इतकी वर्षे सांभाळल्याचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण. 2020 च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीमुळे रस्ता ओस पडलेला पाहून तो स्फोटाने पाडण्यात आला. ज्या दिवसांत तिथे कोणाचेच डोके दुखत नव्हते, नेमके तेच दिवस त्यासाठी सापडले.

संशय सर्वांत शेवटी जिच्यावर जातो ती गोळी. औषधाच्या दुकानात "डोकेदुखीच्या दोन द्या" म्हटले की दुकानदार कात्रीने स्ट्रिपचे दोन चौकोन कापून देतो. कापताना औषधाचे नाव एका तुकड्यावर आणि मुदत दुसऱ्यावर जाते, आणि तिसराच तुकडा गिऱ्हाइकाला मिळतो. ही दोनाची खरेदी वाढत वाढत पर्समध्ये कायमची स्ट्रिप येते. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून 15 किंवा अधिक दिवस, आणि मिश्र गोळ्या 10 किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त चालले, तर मुळात डोकेदुखी असलेल्यांत गोळीच दुखणे वाढवू लागते. डोके दुखते म्हणून गोळी, गोळी उतरली म्हणून डोके, पुन्हा गोळी. पुष्कळ मिश्र गोळ्यांत कॅफीनही असते, म्हणजे नऊ अर्ध्या कपांत आणखी एकाची भर. यावरचा इलाज गोळी बंद करणे हा असतो. तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावा लागतो आणि ऐकणाऱ्याला तो हटकून अपमानासारखा वाटतो.

दोनशे प्रकारांतले काही केवळ नवलाईचे आहेत. बर्फाचा गोळा घाईने चोखल्यावर कपाळात उठणारी कळ त्यात आहे. ती दहा मिनिटांच्या आत जाते. पन्नाशीनंतर काहींना रात्री ठरलेल्या वेळी झोपेतून उठवणारी एक डोकेदुखी आहे. तिच्यावर झोपण्यापूर्वी कॉफी प्यायला सांगतात, आणि झोप लागते. एका डोळ्यामागे सुरी खुपसावी तशी, आठवडेच्या आठवडे बहुधा एकाच ठोक्याला येणारी क्लस्टर डोकेदुखी मात्र नवलाईची नाही. तिचा रुग्ण पडून न राहता खोलीत येरझारा घालतो, आणि त्याच्याशी त्या वेळी कोणी विनोद करू नये.

इंटरनेटवर डोकेदुखी शोधली की तिसऱ्या ओळीत मेंदूतली गाठ येते. बाकी काहीच लक्षण नसताना नुसते डोके दुखते म्हणून गाठ निघणे फार क्वचित घडते. पण काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्यावर आजी, नणंद, काकू यांपैकी कोणाचेही न ऐकता थेट रुग्णालय गाठावे. आयुष्यात कधी झाली नव्हती अशी, क्षणात शिगेला पोचलेली वेदना. तापाबरोबर ताठलेली मान. बोलणे अडखळणे, एका अंगाची ताकद जाणे, दिसेनासे होणे. डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारे दुखणे. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी असेल तर डॉक्टरांना लवकर दाखवावे.

एरवी डॉक्टर पहिल्या भेटीत फारसे काही करत नाहीत. महिनाभर नोंद ठेवा म्हणतात: कधी दुखले, किती वेळ, आधी काय झाले होते, कोणती गोळी घेतली. ही नोंद मराठी घरात वेगळ्या वहीत होत नाही. ती स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर होते, कारण पेन्सिल तिथेच दोरीला बांधलेली असते. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख आणि कामवालीच्या दांड्या यांच्या गर्दीत कोपऱ्यात 'डो. दु.' असे बारीक अक्षर येते. महिनाअखेर ते पान खिळ्यावरून काढून, घडी घालून दवाखान्यात नेले जाते. डॉक्टर ते टेबलावर पसरतात, चष्मा वर करतात आणि बोट फिरवत जातात. संकष्टीच्या चौकोनात डो. दु. आहे. दुधाचे खाडे तीन आहेत, आणि दूध आले नाही म्हणून चहाही झाला नाही अशा त्या तिन्ही चौकोनांत डो. दु. आहे. राहिला एक रविवार. त्या चौकोनात डो. दु. दोनदा लिहिलेले असते, आणि खाली फक्त 'वन्सं आल्या'.